पहिलंच वेबपान: पक्ष्यांची ओळख. कुठे काय चुकलंय ते सांगाल का? (मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पानगळ

पक्षी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी एकपानी संकेतस्थळ बनवलं आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क (तयार कोडचा साचा) कुठलंही नाही. वर चिकटून राहणारी पट्टी आणि तिच्यात पाच दुवे, त्याखाली मोठा फोटो आणि फोटोवर शीर्षक, मग नऊ पक्ष्यांची नऊ कार्डं (फोटो, नाव, तीन-चार ओळी माहिती), कार्डं गाळायला चार बटणं (सगळे, पाणपक्षी, शिकारी, गाणारे), शेवटी ‘तुम्हाला दिसलेला पक्षी कळवा’ हा फॉर्म आणि तळपट्टी.

सगळं काम १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर केलं. तिथे ठीक दिसतं. अडचणी अशा:

१. मोबाइलवर पान आडवं सरकतं, उजव्या कडेला पांढरी पट्टी दिसते.
२. खंड्या आणि धनेश यांच्या कार्डांतला मजकूर चौकटीबाहेर सांडतो.
३. मोबाइल डेटावर वरचा फोटो तुकड्यातुकड्यानं उमटतो. पूर्ण पान १४ एमबीचं आहे.
४. रंग आणि अक्षरं नवशिकी वाटतात, पण नेमकं काय खटकतं ते कळत नाही.

पान आणि कोड, दोन्हींचे दुवे दिले आहेत. सीएसएसची फाइल ४१२ ओळींची आहे. स्पष्ट सांगितलंत तरी चालेल, तेच हवं आहे.

झटपट

पहिल्यासाठी: सगळ्यात बाहेरच्या डिव्हला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ द्या. एका ओळीत काम होतं.

चौकट

प्रश्न नेमके विचारलेत, म्हणून उत्तरंही नेमकी देता येतील. रंगांवर सगळ्यात शेवटी बोलू, आधी जे मोडतंय ते.

आडवं सरकणं झाकण्याआधी ते कशामुळे होतंय ते शोधा. डेव्हलपर टूल्समध्ये रुंदी ३६० करा आणि सीएसएसच्या शेवटी तात्पुरती एक ओळ घाला: तारांकन निवडून ‘आउटलाइन: १पीएक्स सॉलिड रेड’. बॉर्डर नको, आउटलाइनच. बॉर्डर स्वतः जागा खाते आणि मोजमाप बिघडवते. आता जी लाल चौकट उजव्या कडेबाहेर जाते ती दोषी. तुमच्या पानात अशा तीन आहेत.

पहिली, वरच्या फोटोचा भाग. त्याला ‘विड्थ: १००व्हीडब्ल्यू’ (पडद्याची पूर्ण रुंदी) आहे आणि दोन्ही बाजूंना २४ पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा). ‘बॉक्स-सायझिंग’ कुठेच दिलेलं नाही, त्यामुळे पॅडिंग रुंदीच्या वर मोजलं जातं: ३६० + २४ + २४ = ४०८. ते ४८ पिक्सेल म्हणजेच तुमची पांढरी पट्टी. फाइलच्या अगदी सुरुवातीला सगळ्या घटकांना, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ धरून, ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ द्या. आणि १००व्हीडब्ल्यू काढूनच टाका. ‘सेक्शन’ हा ब्लॉक घटक आहे, न सांगताही तो मिळेल ती सगळी रुंदी घेतो. उलट ज्या संगणकांवर उभी स्क्रोलपट्टी जागा घेते तिथे १००व्हीडब्ल्यूमध्ये तीही धरली जाते आणि पान तेवढंच आडवं सरकायला लागतं. म्हणजे तो दोष मोबाइलवर दिसणार नाही, डेस्कटॉपवर दिसेल.

दुसरी, फॉर्ममधल्या चौकटी: ‘विड्थ: ४२०पीएक्स’. तिथे ‘विड्थ: १००%’ आणि ‘मॅक्स-विड्थ: ४२०पीएक्स’ असं करा. तिसरी, तळपट्टीतला लांबलचक पत्ता. त्यात मोकळी जागा नाही म्हणून ब्राउझर तो तोडत नाही. ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ दिलं की तुटेल.

कार्डांचं कारण एकच, ‘हाइट: ३२०पीएक्स’. मजकूर किती येईल, वाचणाऱ्यानं अक्षरं किती मोठी केली असतील, हे तुमच्या हातात नाही, म्हणून मजकूर असलेल्या चौकटीला ठाम उंची देऊ नये. ती ओळ पुसा. ग्रिडमध्ये एका रांगेतली कार्डं आपोआप सारख्या उंचीची होतात. ‘अधिक माहिती’ हा दुवा सगळ्या कार्डांत तळाशी एका ओळीत हवा असेल तर कार्डाला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’, ‘फ्लेक्स-डायरेक्शन: कॉलम’ आणि त्या दुव्याला ‘मार्जिन-टॉप: ऑटो’.

सध्या स्तंभांसाठी तीन मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीच्या पडद्यालाच लागू होणारे नियम) आहेत. त्या तिन्ही जाऊन ही एक ओळ पुरेल:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(मिन(१००%, ३००पीएक्स), १एफआर))

३०० का? तुमच्या मधल्या भागाची कमाल रुंदी १२०० आणि गॅप २४ आहे. २८० घेतलं तर चार स्तंभ बसतात (४ × २८० + ३ × २४ = ११९२) आणि नववं कार्ड खाली एकटं पडतं. ३०० घेतलं तर तीनच बसतात, प्रत्येक ३८४ रुंद, आणि नऊ कार्डांच्या तीन भरलेल्या रांगा होतात. आतलं ‘मिन(१००%, …)’ हे ३२० रुंदीच्या पडद्यासाठी आहे. दोन्हीकडचं १६ पॅडिंग जाऊन तिथे २८८ च उरतात, मग नुसतं ३०० लिहिलं तर पुन्हा आडवं सरकणं आलंच. आणि ‘ऑटो-फिट’ नको, ‘ऑटो-फिल’च. तुमच्याकडे गाळणी आहे. ‘शिकारी’ दाबल्यावर एकच कार्ड उरलं तर ऑटो-फिट ते ताणून पूर्ण १२०० रुंद करेल.

३२० वर तपासणं सोडू नका. १२८० रुंदीच्या पडद्यावर कोणी ४००% झूम केलं की पानाला मिळणारी रुंदी बरोबर ३२० असते. म्हणजे प्रश्न जुन्या फोनचाच नाही, अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या मोठ्या पडद्याचाही आहे. त्यासाठीच व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमधलं ‘युजर-स्केलेबल=नो’ आजच काढा. ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’ एवढंच ठेवा.

वजनकाटा

तिसऱ्या अडचणीबद्दल. वरचा फोटो ६००० × ४००० आहे, ७.८ एमबी. ३६० रुंदीच्या आणि तिप्पट घनतेच्या फोनला त्यातले १०८० पिक्सेल पुरतात. उतरवून घेण्याचा खर्च हा अर्धाच भाग आहे. ब्राउझर चित्र उलगडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ६००० × ४००० × ४ = ९६ एमबी स्मृती, एका चित्राला. साधा फोन पान सरकवताना अडखळतो तो यामुळे. म्हणून फाइल नुसती दाबून लहान करणं पुरेसं नाही, मापच कमी करायला हवं.

त्या फोटोच्या ८००, १२०० आणि २००० रुंदीच्या तीन प्रती काढा, वेबपी या चित्रप्रकारात, गुणवत्ता ७५ ते ८०. पिसांचे बारीक तपशील असलेल्या फोटोंत ७० च्या खाली गेलं की पिसांचा लगदा दिसायला लागतो, तेव्हा प्रत्येक फोटो डोळ्यांनी बघून ठरवा.

सध्या तो सीएसएसमध्ये ‘बॅकग्राउंड-इमेज’ म्हणून दिलाय. त्यामुळे सीएसएस येऊन वाचून होईपर्यंत ब्राउझरला फोटोचा पत्ताच लागत नाही. त्याऐवजी ‘इमेज’ टॅग घ्या, ‘एसआरसीसेट’मध्ये तिन्ही प्रती रुंदीसह, ‘साइझेस’मध्ये १००व्हीडब्ल्यू, आणि सीएसएसमध्ये ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’. या एका फोटोला ‘फेचप्रायॉरिटी=हाय’ द्या. त्याला ‘लोडिंग=लेझी’ लावू नका. सध्या ते सगळ्याच फोटोंना सरसकट लावलं आहे. लेझी पडद्याखालच्या फोटोंसाठी असतं. पहिल्याच पडद्यावरच्या मुख्य फोटोला लावलं तर तो उलट उशिरा येतो. सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा ही गुगलची ‘चांगलं’ म्हणायची मर्यादा आहे.

नऊ कार्डांच्या फोटोंना लेझी बरोबर आहे. तिथे ‘साइझेस’ चौकट यांच्या ग्रिडप्रमाणे: १२३२ पासून पुढे ३८४पीएक्स, ९८० पासून ३३व्हीडब्ल्यू, ६५६ पासून ५०व्हीडब्ल्यू, त्याखाली १००व्हीडब्ल्यू. ४०० आणि ८०० रुंदीच्या दोन प्रती पुरतात. प्रत्येक फोटोला टॅगमध्येच विड्थ आणि हाइट लिहा आणि सीएसएसमध्ये ‘मॅक्स-विड्थ: १००%, हाइट: ऑटो’. हे आकडे पाहून ब्राउझर फोटो येण्याआधीच जागा राखून ठेवतो. सध्या फोटो एकेक करून येतात तसतसा खालचा मजकूर उड्या मारतो, आणि फॉर्मच्या बटणावर बोट ठेवताना बटण तिथून निसटतं.

एक गोष्ट पानाच्या विषयामुळे सांगावीशी वाटते. फोनवर काढलेल्या फोटोंच्या फाइलीत पुष्कळदा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. घरट्याचा फोटो तसाच चढवला तर घरट्याचा पत्ताही चढतो. प्रती काढताना ‘मेटाडेटा काढून टाका’ हा पर्याय निवडा आणि नंतर चढवलेली फाइल उघडून खात्री करा. फोटो दुसऱ्या कुणाचे असतील तर परवान्याची अट वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय’ परवान्यात छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख देणं बंधनकारक आहे. कार्डाच्या तळाशी लहान ओळ त्यासाठी पुरेशी.

कळफलक

माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि स्पेस वापरून पान वापरून बघा. दोन मिनिटांत पुढच्या गोष्टी लक्षात येतील.

गाळणीच्या चार ‘बटणां’वर फोकस (टॅब दाबल्यावर होणारी निवड) जातच नाही, कारण ते क्लिक लावलेले डिव्ह आहेत. डिव्हला टॅबइंडेक्स द्या, रोल द्या, एंटर आणि स्पेस दोन्ही हाताळा, इतकं सगळं करून जे मिळतं ते ‘बटन’ टॅगमध्ये फुकट मिळतं. ‘टाइप=बटन’ लिहायला विसरू नका. निवडलेल्या बटणाला ‘एरिया-प्रेस्ड=ट्रू’ आणि बाकीच्यांना ‘फॉल्स’. मग सीएसएसमध्येही याच गुणधर्मावर रंग द्या, वेगळा ‘ॲक्टिव्ह’ क्लास लागणार नाही आणि दिसणं व असणं यांत फरक पडणार नाही.

ओळ ९ वर सगळ्यांना ‘आउटलाइन: नन’ आहे. कळफलक वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत हे दाखवणारी ती एकमेव खूण आहे. ती ओळ काढा. क्लिक केल्यावर दिसणारी चौकट आवडत नसेल तर ‘फोकस-व्हिजिबल’वर ३ पिक्सेलची आउटलाइन आणि ‘आउटलाइन-ऑफसेट: २पीएक्स’ द्या. मग बटणांवर ती शक्यतो कळफलकानं पोचल्यावरच दिसते.

फॉर्ममध्ये ‘लेबल’ एकही नाही, सगळं प्लेसहोल्डरवर (रिकाम्या चौकटीतल्या फिक्या सूचनेवर) भागवलंय. टायपिंग सुरू झालं की प्लेसहोल्डर नाहीसा होतो, आणि तिसऱ्या चौकटीत काय लिहायचं होतं ते बघायला लिहिलेलं पुसावं लागतं. प्रत्येक चौकटीला ‘लेबल’ द्या, त्याचा ‘फॉर’ आणि चौकटीचा ‘आयडी’ जुळवा. ईमेलला ‘टाइप=ईमेल’ आणि ‘ऑटोकम्प्लीट=ईमेल’. ‘किती पक्षी दिसले’ इथे ‘इनपुटमोड=न्यूमेरिक’. चौकटींतला फॉन्ट १४ पिक्सेल आहे, तो किमान १६ करा. १६ च्या खाली असला तर आयफोनवर सफारी चौकटीत बोट ठेवताच पान मोठं करतं.

रंगांच्या चवीबद्दल मी बोलत नाही, फरकाबद्दल बोलतो. माहितीच्या ओळी पांढऱ्यावर #९९९ मध्ये आहेत. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर २.८५:१ येतं, साध्या मजकुराला ४.५:१ लागतं. पांढऱ्यावर टिकणारा सगळ्यात फिका करडा #७६७६७६ (४.५४:१). पण काठावर कशाला, #५५५ घ्या.

मोठ्या फोटोवरचं पांढरं शीर्षक आकाशाच्या भागावर हरवतं. फोटोवर काळा थर द्यावा लागेल, आणि तो किती हे मोजता येतं. वाईटात वाईट म्हणजे मागे शुभ्र आकाश. ५०% काळा दिला तर मधला करडा उरतो आणि त्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर ४ च्या जरा खाली राहतं. २४ पिक्सेलच्या वरच्या शीर्षकाला ३:१ पुरतं, पण खालची उपओळ १८ पिक्सेलची आहे, ती नापास होते. ६०% दिला तर मागे #६६६ उरतो, गुणोत्तर ५.७४. कुठलाही फोटो ठेवा, वाचता येईल. पूर्ण फोटो काळवंडायला नको असेल तर फक्त मजकुरामागे ६०% आणि वर शून्यापर्यंत विरत जाणारा ग्रेडियंट.

फोटोंचे ‘ऑल्ट’ (फोटो दिसत नसेल तर त्याच्या जागी येणारा मजकूर) सध्या कॅमेऱ्यानं दिलेली फाइलनावं आहेत. स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतो. ‘खंड्याचा फोटो’ हेही कमीच. पान ओळख पटवण्यासाठी आहे, तेव्हा ओळख पटवणारं लिहा: ‘फांदीवर बसलेला खंड्या: तपकिरी डोकं, पांढरी छाती, निळी पाठ, जाड लाल चोच’.

शिरोरेषा

चौथ्या प्रश्नातल्या अक्षरांबद्दल. जे ‘नवशिकं’ वाटतंय त्याचं मोठं कारण असं, की तुम्ही निवडलेला फॉन्ट तुमच्या मजकुराला लागूच होत नाही.

तुम्ही माँटसेराट जोडला आहे. त्यात देवनागरी नाही. ब्राउझर प्रत्येक मराठी अक्षरासाठी त्या त्या यंत्रावरचा जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो घेतो, म्हणून लॅपटॉपवर एक दिसतं आणि फोनवर दुसरं. माँटसेराटमध्ये फक्त रोमन शब्द आणि आकडे उमटतात आणि शेजारच्या मराठीशी त्यांची जाडी जुळत नाही. देवनागरी असलेला फॉन्ट घ्या: मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी. एवढ्या मजकुराच्या पानाला मी मुक्ता घेईन, लहान आकारात तो मोकळा वाचता येतो. ४०० आणि ७०० या दोनच जाड्या मागवा. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फाइल रोमनपेक्षा मोठी असते, सहा जाड्या मागवणं महाग पडतं. ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॉप’ असू द्या.

शीर्षकांना ‘लेटर-स्पेसिंग: २पीएक्स’ आहे. ते देवनागरीत कधीच नको. अक्षरं सुटी होतात आणि शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षरावर वेगळी टोपी बसल्यासारखी दिसते. शून्य करा.

‘लाइन-हाइट: १.२’ रोमनला ठीक असेल. इथे वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी किंवा रफार एकमेकांना भिडतात. मजकुराला १.६ ते १.७, शीर्षकांना १.३५ ते १.४. धनेशच्या कार्डावर नावाला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आहे आणि ओळ उंचीला तंग, त्यामुळे अक्षरांचं वरचं-खालचं टोक कापलं जाण्याचा धोका आहे. तेही तपासा.

मजकूर ‘जस्टिफाय’ केलाय. अरुंद कार्डात मराठीचे लांब शब्द मोडत नाहीत, म्हणून शब्दांमध्ये खिंडी पडतात. डावीकडे जुळवा.

आणि सगळ्यात वर ‘लँग=ईएन’ आहे, ते ‘एमआर’ करा. स्क्रीन रीडर कुठल्या भाषेच्या आवाजात वाचायचं ते यावरून ठरवतो. शिवाय ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले आहेत ते ‘एमआर’ पाहिल्यावरच ती वळणं दाखवतात. एका शब्दाचा बदल आहे आणि पानाचा चेहरा बदलतो.

नवी वाट

एवढं सगळं हातानं करण्यापेक्षा टेलविंड किंवा बूटस्ट्रॅप असं सीएसएसचं फ्रेमवर्क घ्या ना. ग्रिड, बटणं, फॉर्म सगळं तयार मिळतं.

चौकट

पुढे जरूर घ्यावं, पण या पानावर नको. वरच्या चुका पाहा: लेबल नसणं, डिव्हचं बटण करणं, चुकीची भाषा, ९६ एमबीचं चित्र, देवनागरी नसलेला फॉन्ट. यातली एकही फ्रेमवर्कनं दुरुस्त होत नाही. उलट ‘हे असं का दिसतंय’ हे शोधताना स्वतःच्या ४१२ ओळींखेरीज दुसऱ्याच्या हजारो ओळी मध्ये येतात. हे पान साध्या सीएसएसमध्ये नीट झालं की टेलविंडमधला प्रत्येक क्लास मुळात कुठली ओळ आहे ते वाचताच कळेल.

तिरपी रेघ

सीएसएसमध्ये २३ वेळा ‘इम्पॉर्टंट’ (बाकी नियमांना हरवणारी खूण) आहे. ते सगळे एकाच ठिकाणाहून सुरू झालेत: ‘#मुख्य’ या आयडीखाली रंग आणि मार्जिन लिहिली आहेत. आयडीचं वजन (१,०,०), क्लासचं (०,१,०). दहा क्लास एकत्र केले तरी एका आयडीला मागे टाकत नाहीत, म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी इम्पॉर्टंट लावावं लागलं. आयडी सीएसएसमधून काढा, जागी क्लास ठेवा (दुव्यांसाठी आणि लेबलांसाठी एचटीएमएलमध्ये आयडी राहू दे), मग इम्पॉर्टंट एकेक पुसत पान बघत जा. एकदम सगळे पुसू नका, कुठल्या ओळीनं काय बिघडलं ते कळणार नाही.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दुरुस्त्या केल्या. पान १४ एमबीवरून १.१ एमबीवर आलं. कार्डं नीट बसली, मुक्ता लावल्यावर आणि लेटर-स्पेसिंग काढल्यावर फरक लगेच दिसला. इम्पॉर्टंट चार उरलेत. पण नव्या अडचणी:

अ) वरची पट्टी आता चिकटून राहत नाही, पानाबरोबर वर निघून जाते.
आ) पान होस्टिंगवर चढवलं तर तीन पक्ष्यांचे फोटो दिसत नाहीत. लॅपटॉपवर दिसतात.
इ) गाळणी लावल्यावर लपलेल्या कार्डांच्या जागा रिकाम्या राहतात. आणि कन्सोलमध्ये ‘नल’वर ‘ॲडइव्हेंटलिसनर’ चालत नाही अशी लाल ओळ येते.

चौकट

अ) बाहेरच्या डिव्हला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावलंत का? पट्टी त्याच डिव्हच्या आत आहे. एका दिशेला हिडन दिलं की दुसरी दिशा ‘व्हिजिबल’ राहू शकत नाही, ती ‘ऑटो’ होते आणि तो डिव्ह स्वतःच स्क्रोलचं पात्र बनतो. ‘स्टिकी’ सगळ्यात जवळच्या अशा पात्राला चिकटतं. ते पात्र तर सरकतच नाही, पूर्ण पान सरकतं, म्हणून पट्टी चिकटायला काही उरत नाही. तिन्ही दोषी घटक दुरुस्त झालेत, तेव्हा ती ओळ आता कशालाच लागत नाही, काढून टाका. कधी खरंच कापायची वेळ आली तर ‘ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप’ वापरा, त्यानं स्क्रोलचं पात्र तयार होत नाही.

झटपट

बरोबर. आधीचा सल्ला मागे घेतो. पट्टी स्टिकी आहे हे लक्षात घ्यायला हवं होतं.

तिरपी रेघ

आ) फाइलींची नावं पाहिली. त्या तीन फोटोंचा विस्तार फाइलवर कॅपिटल अक्षरांत आहे आणि कोडमध्ये लहान अक्षरांत. विंडोजला दोन्ही सारखंच. होस्टिंगच्या यंत्रावर बहुधा लिनक्स असतं, त्याला त्या दोन वेगळ्या फाइली. सगळी नावं लहान रोमन अक्षरांत करा, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर नुसता अक्षरांचा आकार बदललेला विंडोजवर त्याच्या लक्षात येत नाही. ‘गिट एमव्ही’ वापरा.

तिरप्या रेघेनं सुरू होणारा सीएसएसचा पत्ताही बदला. पान उपफोल्डरमधून दिसणार असेल तर ती रेघ थेट मुळाशी जाते आणि फाइल सापडत नाही.

इ) लाल ओळीचं कारण: ‘स्क्रिप्ट’ टॅग हेडमध्ये आहे आणि बटणं त्यानंतर येतात. स्क्रिप्ट धावते तेव्हा बटणं अस्तित्वातच नसतात, शोध ‘नल’ परत देतो. टॅगला ‘डिफर’ लावा, पान वाचून झाल्यावरच ती धावेल.

कळफलक

रिकाम्या जागांचं: कार्डं ‘ओपॅसिटी: ०’नं लपवली आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण जागा व्यापतात, आणि टॅब दाबत गेलं की फोकस त्या अदृश्य दुव्यांवर जातो. त्याऐवजी जावास्क्रिप्टमधून कार्डाला ‘हिडन’ हा गुणधर्म लावा-काढा.

पण नुसतं एवढं केलं तर कार्डं लपणारच नाहीत. ‘हिडन’चं ‘डिस्प्ले: नन’ ब्राउझरच्या स्वतःच्या सीएसएसमधून येतं आणि तुमचं कार्डावरचं ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ त्याला हरवतं. म्हणून चौकोनी कंसात हिडन निवडून ‘डिस्प्ले: नन’ लिहा. त्याचं वजन क्लासइतकंच असतं, म्हणजे फाइलीत जे नंतर येईल ते जिंकतं. इम्पॉर्टंट ठेवायचाच असेल तर तो इथे ठेवा. ही जागा त्याच्या हक्काची आहे.

बटणांखाली एक ओळ घाला, ‘एरिया-लाइव्ह=पोलाइट’ असलेली, जिच्यात गाळणीनंतर ‘९ पैकी ३ पक्षी’ असा मजकूर बदलेल. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना काही घडल्याचं कळतं, आणि बाकीच्यांनाही ते उपयोगी पडतं.

रंगरेषा

आता रंग. पानावर पाच हिरवे मोजले: पट्टी, बटण, दुवा, कार्डाची कड, तळपट्टी. एकमेकांच्या जवळचे पण एक नसलेले रंग पाहणाऱ्याला चूक वाटतात, निवड वाटत नाही. एक गडद हिरवा ठेवा आणि तो फक्त जिथे दाबता येतं तिथेच वापरा. बाकी पांढरा, एक फिका करडा पार्श्वभूमीला आणि जवळजवळ काळा मजकुराला. इथे नऊ पक्षी स्वतः रंगीत आहेत, पानानं त्यांच्याशी स्पर्धा करू नये. सगळे रंग ‘रूट’मध्ये सीएसएस व्हेरिएबल म्हणून एकदाच लिहा.

त्याहून जास्त खटकतं ते अंतर. फाइलीत १३, १५, १८, २२, २७, ३५ अशी मार्जिनं आहेत. ८, १६, २४, ३२, ४८, ६४ एवढीच ठेवा आणि प्रत्येक अंतर यांतल्या जवळच्या आकड्यावर आणा. नियम असा, की शीर्षक ज्या मजकुराचं आहे त्याच्या जवळ असावं. सध्या ‘पाणथळीचे सोबती’ या शीर्षकाच्या वर २० आणि खाली ४० आहे, म्हणून ते वरच्या परिच्छेदाचं शेपूट वाटतं. वर ६४, खाली १६ करून बघा.

मुख्य शीर्षक फोनवर तीन ओळी व्यापतं. त्याला ‘क्लॅम्प(१.७५रेम, १.२रेम + २.५व्हीडब्ल्यू, ३रेम)’ द्या. ३६० वर २८ पिक्सेल येईल, ११५२ ला ४८ वर पोचून तिथेच थांबेल. मधल्या पदात रेम (पानाच्या मूळ अक्षरमापावर चालणारं एकक) ठेवणं महत्त्वाचं. नुसतं व्हीडब्ल्यू असेल तर झूम करूनही अक्षरं वाढत नाहीत.

कार्डांवर माऊस नेला की ‘ट्रांझिशन: ऑल’नं मार्जिन बदलतं आणि शेजारची कार्डं हलतात. ‘ट्रान्सफॉर्म’नं ४ पिक्सेल वर उचला, १५० मिलिसेकंद, आणि ट्रांझिशनमध्ये फक्त ट्रान्सफॉर्म लिहा. शेजाऱ्यांना धक्का लागत नाही. ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ (वापरणाऱ्यानं हालचाल कमी ठेवायला सांगितलेलं) असेल तर तेही बंद.

पानगळ

पट्टी चिकटली, फोटो आले, गाळणी नीट चालते. रंग आणि अंतरं आज बदलतो. एकच राहिलं: पट्टीतला ‘फॉर्म’ हा दुवा दाबला की पान बरोबर ठिकाणी जातं, पण फॉर्मचं शीर्षक पट्टीखाली दडतं.

चौकट

पट्टीची उंची ६४ आहे. ‘एचटीएमएल’ या घटकाला ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप: ८०पीएक्स’ द्या, म्हणजे पट्टी आणि वर १६ ची मोकळीक. टॅबनं जाताना पट्टीखाली फोकस दडायचा तोही यामुळे बहुतेक ठिकाणी थांबतो. फोनवर पट्टी दोन ओळींची होते असं दिसतंय, तिथे उंची १०८ आहे. त्या मीडिया क्वेरीत १२४ करा.